एका कानाचं दुखणं

मी माझ्या धाकट्या जावेवर जळते. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मला पकडल्याचा आनंद तुम्हाला नको. सव्वीस वर्षं जळते आहे. ती मला ताई म्हणते, मी तिला धाकटी म्हणते, आणि बघणाऱ्याला वाटतं, काय गोड नातं आहे. आहेच गोड. फक्त तिचं काही चांगलं झालं की माझ्या पोटात दुखतं.

तसं बघायला गेलं तर जळावं असं तिच्याकडे होतं काय? शिक्षण माझ्याहून कमी, नोकरी नाही, रूपही बेताचंच. पण तिने नुसती काडी खोचली तरी तिला पालवी फुटते. तिचं कुत्रं 'बस' म्हटलं की बसतं, आमचं माझ्यावरच भुंकतं. सासूबाईंचं पथ्यपाणी बारा वर्षं मी केलं. शेवटच्या महिन्यात त्या हवापालट म्हणून तिच्याकडे गेल्या आणि तिथेच त्यांनी डोळे मिटले. जाताना म्हणाल्या म्हणे, "धाकटीच्या हातचं पाणी प्यायले, समाधान झालं." मग बारा वर्षं मी काय विष पाजत होते?

जमिनीची वाटणी झाली तेव्हा पहिली निवड मी मागून घेतली. थोरलीचा मान. ओढ्याकाठची काळी जमीन आम्ही घेतली आणि टेकडीवरचा बोडका माळ तिच्या पदरात टाकला. तिथे धड गवत उगवत नाही. वारा असा की दोरीवरचे कपडे उतारावरून गोळा करून आणावे लागतात. ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. पण ती म्हणाली, "चालेल ताई, मोकळं आहे." आणि माळावर घर बांधून राहायला गेलीसुद्धा.

सात वर्षांनी पवनचक्कीवाल्या कंपनीचा माणूस आला तो त्या वाऱ्यासाठीच. माझ्या दारात आला, पण माळावरच्या घराचा रस्ता विचारायला. मी त्याला पाणी दिलं, चहा दिला, म्हटलं, आमचीही जमीन बघून घ्या. त्याने शिष्टाचार म्हणून एक चक्कर मारली आणि म्हणाला, "मॅडम, जमीन उत्तम आहे, पण इथे वारा नाही."

वर्षभरात माळावर पवनचक्की उभी राहिली. धाकटीला दरवर्षी भाडं सुरू झालं, घरावर नवं छप्पर आलं. आमच्या यांचं सायकलींचं दुकान आहे. ते दुकानाच्या दारात कमरेवर हात ठेवून वर बघत राहायचे आणि म्हणायचे, "काय यंत्र आहे!" अठ्ठावीस वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्याकडे कधी तसं बघितलेलं नाही.

पाती फिरायला लागली आणि माझी झोप उडाली. डोकं ठणकायचं, कानात गुणगुण व्हायची. हे खोटं नव्हतं, मी आरशात माझे डोळे बघत होते. आजूबाजूला विचारलं तर आणखीही लोक निघाले. शाळेतल्या बाईंच्या स्वयंपाकघरात संध्याकाळी पात्यांची सावली ओट्यावरून सारखी सरकते. त्यांना मळमळतं. मी स्वतः तिथे उभी राहिले आहे, कोणालाही मळमळेल. एक ट्रकचालक दिवसा झोपतो, त्याला वारा पडला तरच झोप लागते म्हणे. आम्ही दोन डॉक्टरांना विचारलं. एक म्हणाले, कानाला ऐकू येत नाही पण शरीराला बाधतो असाही आवाज असू शकतो. दुसरे म्हणाले, तसं काही सिद्ध झालेलं नाही, माणूस धास्तावला की झोप जातेच. आम्ही पहिल्यांचं वाक्य पत्रकात छापलं.

समिती निघाली आणि अध्यक्ष मी झाले. का, तर मी दवाखान्यातली. सरकारी रुग्णालयात कान तपासायचं काम मी बावीस वर्षं करते आहे. काचेची छोटी खोली असते, तिच्यात रुग्णाला बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, बारीक बारीक आवाज सोडायचे. ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. मग कागदावर दोन रेघा निघतात, एक उजव्या कानाची, एक डाव्या. या कामाचा पहिला नियम असा की रुग्णाला आपल्याकडे पाठ करून बसवायचं. तो आपलं तोंड बघत असेल तर आपल्या भुवया हलल्या तरी बटण दाबतो. माणसाची जात अशी की समोरच्याला हवं ते उत्तर द्यायला धडपडते.

समितीचा फॉर्म मीच तयार केला. झोप, डोकेदुखी, गुणगुण, चक्कर, मळमळ, सगळे मिळून अकरा प्रश्न. आणि भरून घेताना मी काय केलं? समोरासमोर बसले. "कानात गुणगुण होते ना?" असं विचारायचं आणि आपणच मान डोलवायची. बावीस वर्षांत एकाही रुग्णाला जे करू दिलं नाही, ते मी एकसष्ट माणसांना करायला लावलं. तेव्हा मात्र मला ते सुचलंसुद्धा नाही, इतकी मी कामाला लागले होते. लोक येता-जाताना नमस्कार करायला लागले होते.

एकच अडचण होती, धाकटी. पवनचक्कीच्या बुडाशी राहते, आणि टुणटुणीत. कंपनीने तिचा फोटो वर्तमानपत्रात छापून आणला, पात्यांखाली खुर्ची टाकून बसलेली. खाली लिहिलं होतं, 'सगळ्यात जवळ राहणाऱ्या गृहिणीला काहीही त्रास नाही.' माझा फोटो आतल्या पानावर, तोही समूहात, आणि नेमका मी शिंकताना काढलेला.

आमचे सेक्रेटरी म्हणजे निवृत्त पोस्टमास्तर. सगळ्या गोष्टींवर शिक्का मारायची सवय. ते म्हणाले, "अध्यक्षबाई, तुमची जाऊच आपलं जहाज बुडवणार बघा." सरकारी सुनावणी तीन आठवड्यांवर होती. आणखी पाच पवनचक्क्या उभारायच्या की नाही आणि असलेली रात्री बंद ठेवायची की नाही, हे त्या दिवशी ठरणार होतं. मला त्या पाचांचं काही नव्हतं. मला ती एक बंद झालेली बघायची होती.

आणि नऊ दिवस उरले असताना धाकटी दवाखान्यात आली. दुपारची वेळ, माझ्या खोलीबाहेर कोणी नाही. भिंतीला हात लावत आत आली आणि स्टुलावर बसली.

"ताई, ह्यांना सांगितलेलं नाही. माझंही नाव लिहा तुमच्या फॉर्मवर."

"काय होतंय?"

"गरगरतं. सरळ चालायला गेले की बाजूला जाते. कानात सारखं सूं होतं. परवा जिना उतरताना कठडा धरला म्हणून वाचले. कंपनीच्या लोकांना सांगायची लाज वाटते हो, त्यांनी फोटोबिटो काढला."

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. खोटं कशाला बोलू? आता बघू कंपनी काय छापते ते! मी फॉर्म काढला, वर बासष्ट नंबर घातला. लिहिता लिहिता मात्र हात मंदावला. हिचं दुखणं माझ्यापेक्षा मोठं होतं. माझी नुसती डोकेदुखी, ही भिंत धरून चालते. उद्या सुनावणीला सगळे हिच्याकडेच बघणार, मी आपली फायली सांभाळणार. म्हणजे आजारातसुद्धा हिनेच पहिला नंबर काढायचा.

"तपासून घेऊ," मी म्हटलं. "फॉर्मला आलेख जोडला की वजन येतं."

तिला काचेच्या खोलीत बसवलं, पाठ माझ्याकडे. उजवा कान घेतला. वीस वर्षांच्या मुलीचा असावा असा कान. तेही मला लागलंच. मग डावा घेतला, आणि रेघ खाली घसरत गेली. मला वाटलं हेडफोन बिघडले. उलटे करून लावले, पुन्हा घेतलं. तेच. तिसऱ्यांदा घेतलं. मग शब्दांची परीक्षा घेतली. तोंडासमोर कागद धरून मी हेडफोनमधून एका वेळी एकाच कानात शब्द म्हणायचे आणि तिने तेच परत म्हणायचे. खुर्ची, पाटी, खिडकी, दोरी. उजव्या कानाने तिने घडाघडा म्हणून दाखवले. डाव्याच्या वेळी गप्प.

"ताई, तुम्ही बोलताय हे कळतंय. काय बोलताय ते कळत नाही."

मी विचारलं, हे कधीपासून? ती म्हणाली, दोनेक वर्षं झाली असतील, फोन उजव्या कानाला लावायची सवय लागली तेव्हापासून. दोन वर्षांपूर्वी पवनचक्कीचा पायासुद्धा खणलेला नव्हता. माहेरी गेल्यावर थांबतं का? नाही थांबत. वारा पडल्यावर? नाही. आणि सूं आवाज? तोही एकाच कानात, डाव्याच.

हवेतून येणारा आवाज कान निवडून त्रास देत नाही. तो यायचाच तर दोन्ही कानांत येतो. एकाच कानाची रेघ अशी घसरलेली, शब्द कळत नाहीत, तोल जातो, असं चित्र मी बावीस वर्षांत सात-आठ वेळा पाहिलं होतं. त्यातल्या चौघांच्या ऐकण्याच्या नसेवर गाठ निघाली. बाकीच्यांची नाही निघाली. पण पाहावं लागतं, मोठ्या रुग्णालयात डोक्याचा फोटो काढावा लागतो, आणि उशीर करायचा नसतो. असा आलेख निघाला की तो त्याच दिवशी डॉक्टरांच्या टेबलावर सगळ्यात वर ठेवायचा, हा आमच्याकडचा नियम. तो नियमही मीच लिहून भिंतीवर चिकटवला होता.

धाकटी बाहेर आली. "काय निघालं?"

माझ्या एका हातात फॉर्म होता, एका हातात आलेख. नऊ दिवस, मी मनात म्हटलं. नऊ दिवसांनी असं काय आभाळ कोसळणार आहे?

"पवनचक्कीच," मी म्हटलं. "ती थांबली की थांबेल."

तिने डोळे पुसले. "मला वाटलं होतं, डोक्यात काहीतरी वाईट निघतंय. रोज भीती वाटायची. तुम्ही सांगितलंत, आता काळजी नाही." आणि जाताना तिने माझा हात धरला. मी आलेख खणात टाकला आणि खण लावला.

बासष्ट नंबरच्या फॉर्मने समितीत दिवाळी झाली. सेक्रेटरींनी त्यावर एकावर एक दोन शिक्के मारले. बायका टेकडी चढून धाकटीला बघायला जाऊ लागल्या. माझ्या डोकेदुखीला इतके महिने झाले, माझ्याकडे कोणी फळ घेऊन आलं नव्हतं. शाळेतल्या बाई मला म्हणाल्या, "तुमच्या जाऊबाई किती सोसतात हो, आणि तोंडातून ब्र नाही." मी म्हटलं, "हो ना, पहिल्यापासूनच गुणी." जीभ झडली कशी नाही कोण जाणे.

"त्यांना इतक्यात औषधबिवषध सुरू करू देऊ नका," सेक्रेटरी बैठकीनंतर हळूच म्हणाले. "हे प्रकरण वर्ष-दोन वर्षं चालू शकतं. मध्येच बऱ्या झाल्या तर आपण दाखवायचं काय?"

माणूस वाईट नाही. त्याला आलेख माहीत नव्हता. मला माहीत होता, आणि मी त्याला काही बोलले नाही. घरी येईपर्यंत ते 'वर्ष-दोन वर्षं' डोक्यातून जाईना. मी नऊच दिवस मोजले होते.

सुनावणीला तीन दिवस होते आणि पवनचक्की थांबली. कुठल्यातरी दुरुस्तीसाठी कंपनीने चार दिवस बंद ठेवली. काय सांगू, सगळ्या गावाला झोप लागली. ट्रकचालक दुपारी चारपर्यंत घोरला. शाळेतल्या बाईंची मळमळ गेली. त्यांचं मी समजू शकते, ओट्यावर सावलीच नव्हती. पण मीही झोपले, आठ तास, कूस न बदलता. सकाळी गुणगुण नाही, डोकं हलकं. खिडकी उघडली आणि वर ती तीन पाती मुकाट उभी असलेली बघितली, तेव्हा मला जे वाटलं ते मी ओळखलं. बरं वाटणं नव्हतं ते. धाकटीचं काहीतरी बंद पडलं, याचं सुख होतं. आवाजाचा बाकीच्यांना किती त्रास होता ते त्यांचं त्यांना ठाऊक, पण माझी झोप कशाने उडाली होती ते मला त्या खिडकीत कळलं.

सेक्रेटरी फोनवर ओरडतच होते, "पुरावा! साक्षात पुरावा! थांबली आणि सगळे बरे!"

त्यांचा फोन ठेवते तोच धाकटीचा आला.

"ताई, ती कालपासून बंद आहे ना?"

"हो."

"मग मला अजून का गरगरतं? आज सकाळी न्हाणीघरात पडले. कपाळाला खोक पडली आहे. अंगातून जायला वेळ लागत असेल, नाही का? तुम्ही म्हणाला होतात थांबेल. थांबेल ना?"

फोन तिने उजव्याच कानाला लावला असणार. मी नुसतं "येते" म्हटलं.

आधी दवाखान्यात गेले. खणातून आलेख काढून डॉक्टरांसमोर ठेवला. त्यांनी तारीख बघितली, मग माझ्याकडे बघितलं. "हा सात दिवस कुठे होता?" मी सांगितलं, माझ्या खणात. त्यांनी मोठ्या रुग्णालयात फोन लावला. एकच वेळ मोकळी होती, गुरुवारी सकाळी अकराची. सुनावणीही गुरुवारीच, अकरालाच.

मी टेकडी चढून गेले. दार उघडंच होतं, तिच्या दाराला कधी कडी नसते. दीर बाहेर गेले होते. ती पलंगावर भिंतीला टेकून बसली होती, कपाळाला पट्टी. मी शेजारी बसले. कुठल्या बाजूला बसले ते तुम्हाला सांगायला हवं, कारण ते चुकून झालं नाही. मी डाव्या बाजूला बसले.

आणि सगळं बोलून टाकलं. हे पवनचक्कीचं नाही, मला त्याच दिवशी कळलं होतं, आलेख मी खणात ठेवला, डोक्यात गाठ असू शकते, नसूही शकते, मला तुझा हेवा वाटतो, पहिल्यापासून वाटतो. समोरच्या खुर्चीकडे बघून मी हे सगळं एका दमात पुटपुटले. बोलून झाल्यावर मोकळं वाटलं. मनात म्हटलं, चला, सांगून टाकलं एकदाचं.

धाकटीने पलंगावर हात टेकला आणि सावकाश, तोल सांभाळत, पूर्ण वळून बसली. तिचा उजवा कान माझ्या तोंडासमोर आला.

"आता सांगा," ती म्हणाली. "तुम्ही काहीतरी बोललात एवढं कळलं."

मी पुन्हा सांगितलं. या वेळी एका दमात जमलं नाही. गाठ हा शब्द दोनदा अडकला. हेव्याचं सांगायची पाळी आली तेव्हाही ती कान तसाच धरून बसली होती.

बाहेर तिचं कुत्रं दाराशी येऊन बसलं होतं.

"त्या दिवशी मी तुमचा हात धरला होता," ती म्हणाली.

"हो."

"तेव्हा माहीत होतं तुम्हाला."

"हो."

मी पिशवीतून बासष्ट नंबरचा फॉर्म काढून तिच्यापुढे ठेवला. तिने तो वाचला, घडी घातली, उशीखाली ठेवला. फाडला असता तर मला सुटल्यासारखं झालं असतं. मी तिला गुरुवारचं सांगितलं, अकराची वेळ, चार तासांची बस. भावोजींना सगळं मी समजावून सांगते म्हटलं, ते बरोबर येतील.

"त्यांना डॉक्टरांचं काही कळत नाही, नुसते रडत बसतील," ती म्हणाली. "तुम्हीच या."

मला वाटलं, हिने माफ केलं. मला वाटलं, आता हाही मोठेपणा हिच्याच नावावर जमा होणार, आणि तेवढ्यातसुद्धा माझ्या छातीत जळलं. देवाशपथ सांगते, जळलं.

"फक्त बसमध्ये माझ्या डाव्या बाजूला बसा," ती म्हणाली. "मला वाटेत तुमचं काही ऐकायचं नाही."

गुरुवारी समितीची माणसं सभागृहात माझी वाट बघत होती. सेक्रेटरींचे फोनवर फोन येत होते, मी घेतले नाहीत. धाकटी उजव्या खिडकीशी बसली होती, डोकं काचेला टेकवून, डोळे उघडे. मी शेजारी बसून बोलत होते. डॉक्टर काय विचारतील, यंत्रात किती वेळ पडून राहावं लागेल, घाबरायचं नाही, मी आहे, असं बरंच काही. तिने एकदाही मान वळवली नाही, आणि चार तास मी बोलतच राहिले.